भाऊजींचा तांब्या

गाडी ही चालवायची वस्तू आहे, हे आमच्या भाऊजींना आजवर एकही माणूस पटवून देऊ शकलेला नाही. त्यांच्या मते गाडी ही खोलायची वस्तू आहे. मधूनमधून ती चालवायची, पण ती एवढ्यासाठीच की पुन्हा खोलायला निमित्त मिळावं. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरी मोजणीदाराची. शेताच्या धुऱ्यावरून साखळ्या ओढत फिरायचं, खुणेचे दगड शोधायचे आणि दोन भावांमधलं भांडण फुटाइंचात लिहून द्यायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे जगातली कोणतीही गोष्ट मोजल्याशिवाय खरी मानायची नाही, असा त्यांचा पक्का नेम. चहात साखर किती म्हणून विचारलं तर चमचा हातात घेऊन आधी तो न्याहाळायचे. आणि मोजताना कुणी मधे बोललं की पहिल्यापासून पुन्हा मोजायचे. मी तीस वर्षं गणित शिकवलं, पण आकड्यांनी माझं डोकं कधी उठवलं असेल तर ते भाऊजींनी.

जिल्ह्याची वाटणी होऊन आम्ही चंद्रपूरचे गडचिरोलीचे झालो, त्याच्या आगेमागे त्यांची कुरखेड्याला बदली झाली. मी तिथल्याच शाळेत मास्तर. त्यांनी माझ्या भिंतीला भिंत लागून घर घेतलं आणि महिन्याभरात कुठल्याशा लिलावातून एक जीप आणली. आणली म्हणजे बैलांनी ओढून आणली. पुढचा बैल फाटकातून आत शिरला तेव्हा मला वाटलं, भाऊजींनी शेती घेतली. त्या जीपचं स्टेअरिंग पाव चक्कर फिरवलं तरी चाकांना पत्ता लागत नसे. स्प्रिंगांचे पाटे गंजून एकजीव झाले होते आणि पुढची चाकं हलवली की आजोबांचे दात हलल्यासारखी हलत. वडशाला एक चांगला मिस्त्री होता, दोन दिवसांत सगळं करून दिलं असतं. मी तसं सुचवलं. भाऊजींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाह्यलं की जणू मी त्यांना मुलाची मुंज करायला सांगितली. "मास्तर, मिस्त्री का करते मालूम हाये काय? जुनं काढते अन् नवं लावते. मोजत नाई! मोजल्याबिगर लावलेली वस्तू अन् खोटी साक्ष एकच."

इथवर ठीक होतं. ज्याची जीप त्यानं ती खोलावी, मला काय करायचंय? पण या सगळ्यात माझी माय अडकली होती, आणि माझं टाळकं सरकायचं ते त्याच्यामुळे.

माय माझ्याकडे राहायची. छप्पनच्या साली ती नागपूरला दीक्षेला गेली होती. बाप पुढे, डोक्यावर गाठोडं, आणि ताई मायच्या कडेवर. बैलबंडीनं वडसा, तिथून नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं पुढे. ते दोन दिवस ती आम्हाला इतक्या वेळा सांगायची की मी तेव्हा जन्मलो नसूनही मला ती गर्दी आठवते. बाप गेला, नंतर एका पावसाळ्यात धानाच्या रोवणीच्या वेळी माय बांधावरून घसरली आणि तिचा खुबा मोडला. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. चालायची हळूहळू, बसायची बरी, पण धक्का सहन होत नसे. एसटीत एक खड्डा आला की डोळ्यांत पाणी. दर दसऱ्याला गावचे लोक ट्रक करून नागपूरला निघायचे, पंचशीलाचा झेंडा लावून, गाणी म्हणत. माय आपलं पांढरं लुगडं नीळ देऊन वाळवायची, नेसायची, ओट्यावर बसून ट्रकला हात करायची आणि संध्याकाळी ते लुगडं घडी करून पेटीत ठेवायची. तिची एकच इच्छा होती. एकदा, एकदाच, तिथं पुन्हा जाऊन डोकं टेकवायचं.

भाऊजींनी जीप आणली त्याच संध्याकाळी ते मायसमोर उभे राहून म्हणाले, "माय, औंदाच्या दसऱ्याले तुले मी नेतो. एक धक्का लागू देणार नाई." झालं! जावयाचा शब्द. आमच्यात जावई म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. त्यानं कारल्याला गोड म्हटलं तर सासू त्यात साखर घालील, पण कडू म्हणणार नाही. मी नंतर हळूच विचारलं, की भाऊजी, एखादी चांगली मोटार भाड्यानं करू. ते दुखावले. दोन दिवस जेवले नाहीत आमच्याकडे. "मी जिवंत असताना माय भाड्याच्या गाडीत जाईन? लोक का म्हनतीन?" मायनंही मलाच रागावलं. "जावयाचा शब्द मोडाचा नाई, बापू. थो नेते म्हनला ना? मंग नेते."

आता 'एक धक्का लागू देणार नाई' हे सामान्य माणूस बोलतो तेव्हा ते बोलणं असतं. भाऊजी बोलले तेव्हा ते माप झालं. आणि धक्का मोजायचा कसा? त्यांनी घरातला पितळी तांब्या घेतला. जीपच्या मागच्या भागात, जिथं माय बसणार होती, तिथं गादी बांधली. गादीवर तांब्या ठेवला, काठोकाठ भरला, आणि गाडी घेऊन निघाले बसस्टँडपर्यंत. परत आल्यावर फूटपट्टी तांब्यात घालून पाणी किती उतरलं ते पाह्यलं आणि वहीत लिहिलं. पहिल्या दिवशी लिहायला काही उरलंच नाही. तांब्या खाली पडून घरंगळला होता आणि गादी ओली चिंब. "पाणी एक सुताच्या वर उतरलं नाई पाह्यजे," भाऊजींनी जाहीर केलं. "तवाच माय बसन." एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग! अहो, त्या काळच्या आमच्या रस्त्यांवर स्वतःच्या पोटातलं पाणी हललं नाही असा माणूस सापडला नसता.

तर कामाला सुरुवात झाली. चाकांना स्टेअरिंगशी जोडणाऱ्या दांड्या असतात, त्यांच्या टोकांना गोळे असतात. ते झिजले की गाडी झोकांड्या खाते. ते गोळे आपल्या भोकात इतके रुतून बसतात की ओढून निघत नाहीत. त्यांना काढायची एक युक्ती आहे, आणि ती मी माझ्या डाव्या अंगठ्यावर शिकलो. भोकाच्या दोन्ही बाजूंनी दोन हातोडे एकाच क्षणी मारायचे. म्हणजे माणसं दोन पाहिजेत. भाऊजी एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, दोघं जीपखाली उताणे. "एक, दोन, तीन म्हनतो अन् मारतो," ते म्हणाले. ते म्हणाले एक. ते म्हणाले दोन, आणि मारला! मी अजून हातोडा आणि अंगठा जागेवर लावत होतो. मी जी बोंब ठोकली ती ऐकून ताई पोळी तव्यावर टाकून धावत आली. भाऊजी शांत. "तीन म्हनाले टाइम कुठी रायते मास्तर? दोनवरच मारा लागते. तुमाले मालूम पाह्यजे होतं." जगात तीनपर्यंत मोजायचं सांगून दोनवर मारणारा मोजणीदार हा एकच असेल. मी त्या दिवशी शपथ घेतली की या जीपच्या कोणत्याही भागाला हात लावणार नाही. पुढे दुसरा हातोडा ताईनं धरला. तिला दहा वर्षांच्या संसारात नवरा हातोडा कधी मारतो ते ठाऊक झालं होतं.

गोळे बदलले. आता दोन्ही चाकं एकमेकांना समांतर लावायची. यासाठी मिस्त्री लोक साधी पट्टी वापरतात. भाऊजींनी ज्या साखळीनं लोकांची शेतं मोजली ती तेहतीस फुटी साखळी अंगणात आणली. तिच्या कड्यांमध्येच बोट बोट अंतर, त्यातून ते दोन सुतांचा फरक काढायला बसले. तीन दिवस मोजलं. चौथ्या दिवशी जीप बाहेर काढली तर ती डावीकडे ओढू लागली. इतकी, की स्टेअरिंग सोडलं तर आपल्याच अंगणात परत यावी. माणसानं साखळीवर शंका घेतली असती. भाऊजींनी कुरखेड्याच्या रस्त्यांवर घेतली. "रस्तेच डावीकडं कलंडून राह्यले." मग त्यांनी गाडी उजवीकडे वळवणंच सोडलं. बाजार आमच्या घराच्या उजव्या हाताला, चालत पाच मिनिटं. भाऊजी डावीकडे निघायचे, शाळेला वळसा, तलावाच्या पाळीवरून डावीकडे, धानाच्या बांध्यांच्या कडेनं पुन्हा डावीकडे, आणि पाऊण तासानं बाजारात डाव्या अंगानं हजर. ताई तोवर भाजी घेऊन पायी घरी आलेली असायची. असा पहिला दसरा गेला. माय लुगडं नेसली, ट्रकला हात केला, घडी घातली.

दुसऱ्या वर्षी त्यांना सामान लागलं. शॉकअप, रबराचे बुश, किंगपिना. ते मिळायचं नागपूरला. भाऊजी रजा काढून एसटीनं नागपूरला जायचे, पिशवी घेऊन परत यायचे, मोजून पाहायचे, माप चुकलेलं निघायचं आणि पुन्हा जायचे. मायला नागपूरला नेता यावं म्हणून हा माणूस त्या वर्षी नऊ वेळा नागपूरला जाऊन आला! मी एकदा म्हटलंही, "भाऊजी, मायले पाठीवर घेऊन गेले असते तरी आतापर्यंत पोचले असते." त्यांनी ते बोलणं गंभीरपणे घेतलं. थोडा विचार करून म्हणाले, "पाठीवर धक्का जास्त बसन." दुसराही दसरा गेला.

आणि तिसऱ्या वर्षी तर त्यांनी कळसच केला. स्प्रिंगांच्या टोकांना जे रबराचे बुश असतात ते नागपूरचे त्यांच्या मापाला उतरेनात. मग ते गेले बंड्या बनवणाऱ्या वाढयाकडे, म्हणजे सुताराकडे. "बंडीचा आख कशाचा अस्ते? धावड्याचा! पिढ्यान् पिढ्या फिरून राह्यला. मंग माह्या जीपले काऊन नाई चालनार?" वाढयानं धावड्याच्या लाकडाचे सुबक बुश कातून दिले. बंडीच्या आखाला लावतात तसं मोहाच्या बियांचं तेल त्यांना चोपडलं. आणि खरं सांगतो, चैत्र-वैशाखात ती जीप अशी चालली की मीही तोंडात बोट घातलं. पाणी फक्त दीड सूत उतरलं. भाऊजींनी गल्लीत पेढे वाटले. तेलाच्या वासानं शेजारच्या बकऱ्या जीपच्या मागे फिरू लागल्या, तेवढं सोडलं तर सगळं सुरळीत होतं. मग पाऊस आला. लाकूड ते लाकूड. तीन महिने पाणी पिऊन ते असं फुगलं की स्प्रिंग जागची हलेना. गणपती बसले तोवर जीप म्हणजे नुसता पाट झाली. दसऱ्याला चार दिवस उरले असताना तांब्यानं गादीवरून अशी उडी मारली की तो भाऊजींच्या मानेवर येऊन आदळला. भाऊजींनी मान चोळत वही उघडली, सगळे आकडे वाचले आणि निष्कर्ष काढला, "गाडीत कायी खोट नाई. दसरा उनाळ्यात पाह्यजे होता."

तेव्हा मी भडकलो. जावई-बिवई सगळं विसरलो. अंगणातच ओरडलो, "माय मरून जाईन भाऊजी! तुमच्या तांब्यातलं पाणी थांबाच्या आधी माय मरून जाईन! तीन वर्षं झाले ते लुगडं पेटीतून काढून राह्यली अन् घालून राह्यली. तुमाले मायले न्याचं नाई, तुमाले निस्ती जीप खोलाची हाये!" भाऊजी हातातला पाना पुसत राहिले. पुसून झाला तरी पुसत राहिले. मला लगेच वाईट वाटलं, पण इतका राग साचला होता की मी मागे न पाहता घरात गेलो. तिसरा दसराही तसाच गेला. त्या वर्षी माय ट्रकला हात करायला ओट्यावर आली नाही, आत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

चौथ्या वर्षी भाऊजींनी लाकूड काढून गुपचूप रबर बसवलं. तरी पाणी काही तीन सुतांच्या खाली येईना. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे ते जीपखाली होते, वहीत मान घालून. आणि माय पांढरं लुगडं नेसून, काठी टेकत टेकत आली, ताईचा हात धरून मागच्या गादीवर चढली आणि बसली. जीप थोडी दबली तसे भाऊजी खालून ओरडले, "कोन बसलं?"

"मी हावो."

"माय, उतर. आजून दोन सूत बाकी हाये."

"बापू, आता तुह्या तांब्यात पानी राहो का सांडो, मी उतरत नाई. निघ."

भाऊजी बाहेर आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काय करावं सुचेना. सासूला उतर म्हणता येत नव्हतं आणि गाडी काढवत नव्हती. शेवटी त्यांनी तांब्या आणला, काठोकाठ भरला आणि मायच्या दोन पायांमध्ये ठेवला. "दर दहा मैलाले पाहीन," म्हणाले. "एक सुताच्या वर उतरलं तर थितून वापस." आणि तो माणूस खरंच वापस फिरला असता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

निघालो. ताई पुढे, मी मागे मायसमोर, मांडीवर पाण्याची सुरई. भाऊजी डावीकडे ओढणाऱ्या स्टेअरिंगशी झुंजत होते, त्यांना मागे पाहायची सोयच नव्हती. पहिल्या मैलातच तांब्यातलं पाणी उसळून मायच्या पायांवर आलं. मायनं ओठ दाबले. पुढच्या खड्ड्याला डोळे मिटले. तिसऱ्याला खाली वाकून तळहात तांब्याच्या तोंडावर ठेवला. मी "भाऊजी" म्हणून हाक मारणार तोच तिनं दुसऱ्या हातानं माझं मनगट असं पकडलं की मी गप्प झालो. दहा मैल झाले, गाडीचा वेग कमी झाला. माय कुजबुजली, "भर लवकर. थो थांबून राह्यला." मी सुरईतून तांब्या भरला. भाऊजी उतरले, मागे आले, फूटपट्टी घातली. अर्धं सूत! त्यांचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्याकडे पाहवेना. "माय, धक्का?"

"कायचा धक्का, बापू? पाळन्यात बसल्यावानी वाटून राह्यलं."

ब्रह्मपुरी गेली, नागभीड गेलं, उमरेड गेलं. दर दहा मैलांना हेच. सुरई मी तीन ठिकाणी विहिरीवर भरून घेतली. आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगणारा मी, मायच्या हुकमावरून तांब्यात खोटं पाणी ओतत नागपूरपर्यंत गेलो. ट्रकवाले तीन तास आधी पोचले होते. आम्ही दिवस मावळता पोचलो. त्या गर्दीत, त्या निळ्या झेंड्यांत भाऊजींनी मायला हात दिला आणि ती खाली उतरली. ती जमिनीवर डोकं टेकवून बराच वेळ उठली नाही. भाऊजी मात्र तांब्या हातात घेऊन दिसेल त्याला दाखवत होते, "कुरखेड्याहून आलो. सांडलं नाई, पाहा!" लोकांना वाटलं, काही नवस असेल. माय उठल्यावर मी तिला धरलं, तेव्हा ती माझ्या कानात म्हणाली, "हाड न् हाड सुटं झालं माहं. पन त्याले सांगजो नोको."

येताना आम्ही तिला नॅरोगेजच्या गाडीनं आणलं, 'तिला गाडी पाहायची हौस आहे' असं सांगून. त्या हिवाळ्यात माय गेली. पेटी उघडली तर वर तेच लुगडं होतं, न धुतलेलं. मायनं धुवू दिलं नव्हतं.

वाटलं होतं, आता तरी हा माणूस सुधारेल. पण इतकी वर्षं लोटली तरी, दोन वर्षांमागे दसऱ्याच्या आधी एका रविवारी सकाळी पुन्हा जीपखालून ठाकठूक ऐकू आली. ताई लेकीकडे गेलेली. मी फाटकातून पाहिलं. गादीवर तांब्या होता, काठोकाठ भरलेला. माझं डोकं उठलं. म्हटलं, "भाऊजी, आता कोनासाठी? मायले तर नेलं ना तुमी. पोचली ना माय, धक्का न लागता?"

भाऊजी खालून तोंड बाहेर न काढता म्हणाले, "खरं सांगा मास्तर, नाई लागला?"

"नाई लागला," मी म्हणालो.

खाली पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "उतरली तवा लुगडं गुडघ्यापावतर ओलं होतं तिचं. तांब्या भरलेला अन् लुगडं ओलं. मी मोजनीवाला मानूस हावो, मास्तर. मेळ बसत नाई." आणि पुढे, "तुमची माय खोटं बोलली माह्यासाठी. ते मले खरं करून द्याचं हाये. एक खेप. गादीवर कोनी नाई राह्यलं तरी चालन, पन कोनी हात नाई ठेवला पाह्यजे तांब्यावर."

मी चिडलो होतो, पक्का चिडलो होतो. तोंडात दहा गोष्टी आल्या. पण त्यांचा एक हात बाहेर आला आणि जमिनीवर काहीतरी चाचपू लागला. गोळा रुतला होता, आणि दुसरा हातोडा धरायला ताई नव्हती. मी धोतर खोचलं आणि आत सरकलो, उताणा, त्यांच्या शेजारी. दुसरा हातोडा उचलून भोकाला लावला. अंगठा दूर ठेवला.

"एक, दोन, तीन म्हनतो अन् मारतो," भाऊजी म्हणाले.

"म्हना."

"एक," ते म्हणाले. "दोन," म्हणाले आणि मारला. मीही दोनवरच मारला. गोळा एका ठोक्यात निघाला.